पेज, कढण आणि सार : एका उपेक्षित अन्नाचा इतिहास

रत्नागिरीच्या दक्षिणेस मुचकुंदी नदी जेथे अरबी समुद्राला मिळते, तेथे खाडीच्या तोंडाशी पूर्णगडचा छोटेखानी किल्ला उभा आहे. विजयदुर्ग किंवा सुवर्णदुर्ग यांची कीर्ती त्याच्या वाट्याला आलेली नाही. १८१८ साली पेशवाई बुडाली, हा सारा मुलूख इंग्रजांच्या ताब्यात गेला आणि पूर्णगडचे लष्करी महत्त्वही संपले. उरले ते बंदर, होड्या आणि खाडीकाठची माणसे. या माणसांचा इतिहास बखरींत सापडत नाही. तो शोधायचा तर त्यांच्या चुलीपाशी जावे लागते. आणि चुलीपाशी गेले की प्रथम भेटते ती पेज.

उकड्या तांदळाची, चवीपुरते मीठ घातलेली, पाण्यासकट खायची पेज. सोबत लोणच्याची फोड, खोबऱ्याची चटणी नाहीतर भाजलेला सुका बांगडा. पहाटे होडी घेऊन गेलेला मच्छीमार आणि खाचरात चिखलणी करणारा कुणबी या दोघांचीही सकाळ या पेजेवर निघत असे. पावसाळ्यात समुद्र बंद झाला की कुळथाचे कढण, उन्हाळ्यात आमसुलाचे सार, ताजी मासळी असली की तिचे पातळ कालवण, अंगात ताप असला की नाचणीची पेज. हे सारे पदार्थ एकाच कुळातले आहेत. धान्य, कडधान्य, मासळी किंवा फळ पाण्यात शिजवायचे आणि त्या पाण्यासकट पोटात घालायचे, हे त्या कुळाचे लक्षण होय.

आज हॉटेलात गेल्यावर आपण प्रथम 'सूप' मागवतो. आठवड्यातून चार-पाच वेळा सूप घ्यावे, असा सल्ला वर्तमानपत्रांतून वाचावयास मिळतो आणि बाजारातील पुडी फोडून तो अमलातही आणला जातो. परंतु त्याच घरात पाहुण्यासमोर पेजेचा वाडगा ठेवावयास लाज वाटते. पेज म्हणजे आजाऱ्याचे किंवा गरिबाचे खाणे, अशी समजूत झाली आहे. ही समजूत कितपत खरी आहे हे इतिहासाच्या आधारे पाहावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम शब्दांकडे वळू. 'सूप' हा शब्द इंग्रजीतून आला असला तरी संस्कृतातही 'सूप' हा एक स्वतंत्र शब्द आहे. त्याचा अर्थ वरण किंवा डाळीचा रस. स्वयंपाक्याला संस्कृतात 'सूपकार' म्हणतात तो त्यावरूनच. इंग्रजी शब्दाशी त्याचे नाते नाही, आणि धान्य पाखडण्याच्या आपल्या सुपाशीही नाही. ते 'शूर्प' या शब्दापासून आले. मात्र दुसरे एक नाते खरे आहे. मुगाच्या किंवा कुळथाच्या पाण्याला संस्कृतात 'यूष' म्हणतात, आणि सेमिनरीत आम्ही जी लॅटिन भाषा शिकलो तिच्यात रस्सा या अर्थाचा शब्द 'यूस' असा आहे. हे दोन्ही शब्द एकाच प्राचीन मुळाचे आहेत. लॅटिनमध्ये 'यूस' याच उच्चाराचा दुसरा शब्द कायदा या अर्थाचा आहे, त्यामुळे विद्यार्थ्यांची गंमतीची गफलत होत असे. आपली 'पेज' संस्कृत 'पेया' या शब्दापासून आली, आणि 'कढण' हे 'क्वथन' म्हणजे उकळणे यापासून. तेव्हा पेज हा कोणा दरिद्री घराने नाइलाजाने शोधलेला पदार्थ नव्हे. तिचे कूळ शास्त्रात नोंदलेले आहे.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात दुसऱ्याच अध्यायात २८ प्रकारच्या यवागू, म्हणजे औषधी पेजा, सांगितल्या आहेत. शरीरशुद्धीनंतर रोग्याला पुन्हा अन्नावर कसे आणावे याचा क्रमही आयुर्वेदाने ठरवून दिला आहे: आधी पातळ पेया, मग घट्ट विलेपी, नंतर मसाल्याशिवायचा यूष, मग संस्कार केलेला यूष, आणि सरतेशेवटी मांसरस. मंदावलेल्या अग्नीवर ओली लाकडे न टाकता काड्या घालून तो हळूहळू फुलवावा, तसा हा विचार आहे. आपल्या आजीने तापातून उठलेल्या नातवाला पहिल्या दिवशी पेजेचे नुसते पाणी, दुसऱ्या दिवशी मऊ भात आणि तिसऱ्या दिवशी मुगाचे कढण दिले असेल, तर तिने चरक वाचला नव्हता, पण चरकाचा क्रम मात्र पाळला होता.

या अन्नाची युरोपियनाने केलेली एक फार महत्त्वाची नोंद आपल्याच किनाऱ्यावरची आहे. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ साली गोव्यात आला. त्याने अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशाहावर उपचार केले, मुंबई बेट त्याच्याकडे काही काळ खंडाने होते, आणि भारतीय वनस्पती व औषधे यांवरचा त्याचा संवादरूप ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला. पटकीच्या आजाराविषयी लिहिताना तो सांगतो की, येथील लोक या रोगाला 'मोर्शी' म्हणतात. वाचकांच्या लक्षात आलेच असेल की ही आपली 'मोडशी' होय. पोर्तुगिजांनी तिचे 'मोर्देशी' केले, आणि फ्रेंचांनी पुढे त्याच शब्दाचा 'मॉर द शियाँ', म्हणजे कुत्र्याचे मरण, असा भयंकर अपभ्रंश केला. या रोगावर येथील वैद्य काय देतात तेही ओर्ताने लिहून ठेवले आहे: मिरी व जिरे घातलेले तांदळाचे पाणी, ज्याला ते 'कांजी' म्हणतात.

पटकीत माणूस मरतो तो शरीरातील पाणी व क्षार निघून गेल्याने. त्या काळी युरोपातील वैद्यांना हे ठाऊक नव्हते, आणि येथील वैद्यांनाही त्याची कारणमीमांसा देता आली नसती. परंतु जे निघून जाते ते परत द्यावे, आणि पोटाला पेलेल अशा रूपात द्यावे, एवढे त्यांना अनुभवाने कळले होते.

या ओर्ताचे पुढे काय झाले, हे सांगितल्याशिवाय पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. तो ज्यू वंशातला होता. त्याचा मृत्यू १५६८ साली झाला. पुढच्याच वर्षी त्याची बहीण कातारीना हिला गोव्याच्या इन्क्विझिशनने गुप्तपणे ज्यू धर्म पाळल्याच्या आरोपावरून जिवंत जाळले. आणि १५८० साली ओर्ताची हाडे थडग्यातून उकरून जाळण्यात आली. ज्या माणसाने या भूमीतील औषधे मोठ्या आदराने जगापुढे मांडली, त्याला आपल्याच धर्मबांधवांनी अशी परतफेड केली.

त्यानंतर सुमारे शतकाने देलाँ नावाचा एक फ्रेंच वैद्य त्याच इन्क्विझिशनच्या तुरुंगात पडला. १६७६ साली त्याला शिक्षा झाली आणि १६८७ साली त्याने आपली हकीकत प्रसिद्ध केली. तुरुंगातील जेवणाचे वर्णन करताना तो लिहितो की, काळ्या कैद्यांची न्याहारी म्हणजे बहुधा कांजी, तांदळाचे दाटसर पाणी. तीच कांजी! वैद्याच्या हातात ती औषध होती. तुरुंगात ती कातडीच्या रंगावरून ठरवलेली शिधा झाली. तांदूळ तोच, पाणी तेच; देणाऱ्याचा हात मात्र बदलला होता. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १२ मार्च २००० रोजी ख्रिस्तसभेच्या लेकरांनी सत्याच्या नावाखाली केलेल्या अत्याचारांबद्दल जाहीरपणे परमेश्वराची क्षमा मागितली. ज्या कुटुंबांनी आपला विश्वास प्राणापलीकडे जपला आहे, त्यांनी हाही इतिहास जाणून घेतला पाहिजे.

अन्नाचा वाडगा आणि माणसाचा सन्मान यांचे नाते पवित्र शास्त्राला नवे नाही. उत्पत्तीच्या पुस्तकात भुकेने कासावीस झालेला एसाव मसुरीच्या शिजवलेल्या वरणासाठी आपला ज्येष्ठपणाचा हक्क याकोबाला विकतो. आपण नेहमी एसावाच्या उतावळेपणाला दोष देतो. परंतु भुकेल्या भावाकडून वाडग्याची किंमत वसूल करणाऱ्या याकोबाचाही विचार करावयास हवा. आयर्लंडमध्ये बटाट्याच्या पिकावर रोग पडून मोठा दुष्काळ पडला, तेव्हा १८४७ च्या उन्हाळ्यात सरकारी सूपकेंद्रांतून दररोज सुमारे ३० लाख लोकांना अन्न मिळत होते. ती मोठीच मदत होती. पण काही प्रॉटेस्टंट प्रचारकांनी भुकेल्या कॅथलिकांना धर्म बदलण्याच्या अटीवर सूप दिले, अशी तक्रार त्या काळी झाली, आणि 'त्याने सूप घेतले' हा आयरिश लोकांत विश्वास विकल्याचा वाक्प्रचार झाला. आपल्या देशात असाच आरोप मिशनरी कार्यावर होतो, तेव्हा आपण दुखावतो. त्या आरोपाला उत्तर एकच: वाडगा द्यावा आणि बदल्यात काहीही मागू नये.

आयर्लंडच्या सूपकेंद्रांविषयी दुसरीही तक्रार होती. पुष्कळ ठिकाणचे सूप इतके पाणचट होते की त्याने पोट भरल्यासारखे वाटे, पण अंगात बळ येत नसे. आरोग्याच्या दृष्टीने हा मुद्दा फार मोलाचा आहे. पातळ अन्न हितकर ठरते ते त्याच्या पातळपणामुळे नव्हे, तर त्या पाण्यात काय उतरले आहे यामुळे. सहाव्या शतकातील संत बेनेडिक्ट यांनी आपल्या मठवासीयांसाठी घालून दिलेल्या नियमांत रोजच्या जेवणात दोन शिजवलेले पदार्थ सांगितले आहेत. एक ज्याला सोसत नसेल त्याने दुसरा खावा, एवढी त्यामागे कळकळ आहे. आजाऱ्यांची सेवा तर सर्व गोष्टींआधी करावी, असा त्यांचा दंडक आहे. अन्न माणूस पाहून द्यावे, ही दृष्टी त्यात दिसते.

आता विज्ञान काय म्हणते ते पाहू. १९७१ साली बांगलादेशच्या युद्धात लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले आणि बनगाव येथील छावणीत पटकीची साथ पसरली. शिरेतून देण्याचे सलाइन संपत आले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, सोडा व ग्लुकोज यांचे मिश्रण पाण्यात कालवून पिंपांतून वाटले आणि रोग्यांच्या नातेवाइकांनाच ते पाजावयास सांगितले. मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्के होते, ते ३.६ टक्क्यांवर आले. आतड्यात साखर आणि सोडियम बरोबरीने शोषले जातात आणि त्यांच्यामागून पाणी जाते, हे त्यामागचे तत्त्व होय. डॉ. महालनबीस २०२२ साली निवर्तले आणि २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण देण्यात आले. पुढे ग्लुकोजऐवजी तांदळाचे पीठ शिजवून त्यात क्षार घातले तर काय होते, याचेही प्रयोग झाले. पटकीच्या रोग्यांत या तांदळाच्या मिश्रणाने जुलाबांचे प्रमाण अधिक कमी होते, असे आढळले. कारण तांदळातील पिष्ट पचनात हळूहळू साखर सोडते. ओर्ताने नोंदवलेली कांजी आणि हे मिश्रण एकच आहेत असे आम्ही म्हणणार नाही. मोजून घातलेले क्षार हा त्यांच्यातला मोठा फरक आहे. परंतु दिशा तीच होती, हे निःसंशय.

तांदळाबाबत दुसरी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जावा बेटावर डच डॉक्टर आयकमान यांनी पाहिले की, पांढराशुभ्र सडलेला तांदूळ खाणाऱ्या कोंबड्या लुळ्या पडतात आणि कोंडा दिला की सुधारतात. माणसांतील बेरीबेरी या रोगाचे कोडे त्यातून सुटले आणि त्यांना १९२९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. तो रोग 'ब१' जीवनसत्त्वाच्या अभावी होतो. साळी उकडताना हे जीवनसत्त्व कोंड्यातून दाण्यात उतरते, म्हणून उकडा तांदूळ सडल्यावरही ते बऱ्याच अंशी टिकून राहते. शिवाय ते पाण्यात विरघळणारे आहे. भात वेळून पाणी फेकले की ते त्याबरोबर जाते. पेज मात्र पाण्यासकट खाल्ली जाते. कोकणातील बाईने उकडा तांदूळ घेतला आणि त्याचे पाणी फेकले नाही, या दोन साध्या गोष्टींत तिच्या घराचे केवढे हित साधले गेले!

पूर्णगडच्या किनाऱ्यावर पिकणारी आणि मिळणारी बाकीची सामग्रीही अशीच गुणाची आहे. भातकापणीनंतर जमिनीत उरलेल्या ओलीवर कुळीथ येतो. त्याच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे २२ ग्रॅम प्रथिने असतात. नाचणीच्या १०० ग्रॅममध्ये ३४० ते ३६० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, आणि या बाबतीत इतर कोणतेही तृणधान्य तिच्या जवळपास येत नाही. कुळथाचे कढण, नाचणीची पेज, मुगाचे सार, तिसऱ्यांचे किंवा लहान मासळीचे पातळ कालवण हे आठवड्यात आळीपाळीने आले, तर बाजारातील पुडीची गरज उरत नाही. घामाने थकून आलेल्या माणसाला पाणी आणि मीठ दोन्ही त्यातून मिळते. दात गेलेल्या वृद्धाला चावावे लागत नाही. आणि ज्याचे वजन वाढले आहे त्यालाही हे अन्न उपकारक आहे: जेवणाआधी सूप घेतले तर एकंदर जेवण सुमारे २० टक्क्यांनी कमी होते, असे २००७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दिसून आले. सर्दीत गरम सूप घेतल्यावर नाक मोकळे होते, हाही केवळ भास नव्हे. १९७८ साली कोंबडीच्या सूपवर झालेल्या चाचणीत तसे मोजून पाहिले गेले आहे.

कोंबडीच्या सूपवरून एक आठवण द्यावीशी वाटते. पोर्तुगालात आणि ब्राझीलमध्ये आजही आजाऱ्याला व बाळंतिणीला भात घातलेले कोंबडीचे सूप देतात. त्याला तेथे 'कांजा' म्हणतात. ही आपलीच कांजी. आपल्या किनाऱ्यावरून ती जहाजात बसली, दोन महासागर ओलांडून गेली आणि परक्या घरांत मानाने राहिली. आपल्या घरात मात्र ती मागच्या दाराशी गेली. असे का झाले? विसाव्या शतकात चहाचा प्रचार देशभर झाला. रत्नागिरीचा तरुण मुंबईच्या गिरणीत गेला आणि गावी परतताना चहाची सवय घेऊन आला. सकाळच्या पेजेची जागा चहाने घेतली, पुढे चहाच्या जोडीला पाव आणि बिस्किटे आली. चहा घेणे हे सुधारलेपणाचे लक्षण ठरले आणि पेज मागासलेपणाचे.

गोव्यात आणि आपल्या काही जुन्या ख्रिस्ती घरांत गुड फ्रायडेच्या दिवशी पेज खाण्याची प्रथा आहे. ती सुंदर आहे. परंतु त्यामुळे पेज म्हणजे दुःखाचे आणि प्रायश्चित्ताचे अन्न एवढीच तिची ओळख राहू नये. उपवासाच्या दिवशी जी शरीराला सांभाळते, ती सणाच्या दुसऱ्या दिवशीही सांभाळते.

काही सावधगिरीच्या सूचनाही देणे कर्तव्य आहे. मीठ बेताचे असावे. प्रौढ माणसाने दिवसभरात मिळून ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि तयार पुडीच्या सुपांत ते पुष्कळ असते. रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारूनच प्रमाण ठरवावे. मधुमेह असलेल्यांनी तांदळाच्या नुसत्या पातळ पेजेऐवजी कुळीथ, मूग किंवा भाज्यांचे कढण घ्यावे, कारण पेजेने रक्तातील साखर लवकर चढते. लहान मुलांना केवळ पेजेच्या पाण्यावर ठेवू नये; त्यांना डाळ, अंडे, मासळी हवीच. जुलाब-उलट्या होत असतील तर दवाखान्यातील क्षारांची पुडी सांगितलेल्या मापाने पाण्यात कालवून द्यावी. घरची पेज तिच्या जोडीला चालेल, तिच्या ऐवजी नव्हे. आणि वाफाळते, तोंड पोळणारे काहीही पिऊ नये. ६५ अंशांहून अधिक गरम पेये अन्ननलिकेच्या कर्करोगाला बहुधा कारण होतात, असा निष्कर्ष जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ साली काढला आहे.

शेवटी धर्मग्रामातील एका वस्तुस्थितीकडे वाचकांचे लक्ष वेधतो. आजाऱ्यांना ख्रिस्तप्रसाद देण्यासाठी घरोघर जाताना आम्हांस जागोजागी एकच चित्र दिसते. मुले मुंबईस किंवा आखातात. घरात एकटी म्हातारी आई किंवा एकटे वडील. कपाटात औषधांच्या पट्ट्या भरपूर, पण चूल पेटलेली नाही. 'आता एकट्यासाठी काय शिजवायचे?' म्हणून चहा आणि दोन बिस्किटांवर रात्र काढलेली असते. अशा माणसाला आहारशास्त्राचे व्याख्यान नको असते. त्याला कोणीतरी शिजवलेला, कोमट, मीठ बेताचे घातलेला एक वाडगा हवा असतो, आणि तो संपेपर्यंत शेजारी बसणारा माणूस हवा असतो.

आपल्या लघु ख्रिस्ती समूहांनी आणि संत विन्सेंट डी पॉल संस्थेच्या सभासदांनी हे काम सहज अंगावर घेण्यासारखे आहे. त्यासाठी निधी उभारावा लागत नाही. ज्या घरात चार माणसांसाठी कुळथाचे कढण शिजते, तेथे पाचव्यासाठी मूठभर कुळीथ जास्त पडला तर कोणाचे काही उणे होत नाही. आठवड्यातून चार दिवस चार घरांनी एकेक डबा पोहोचवला, तर एका म्हाताऱ्या जिवाचा आठवडा सावरतो. तो शेजारी आपल्या धर्माचा असो वा नसो. खाडीकाठच्या वाडीत भिंतीला भिंत लागून राहणाऱ्यांना हा भेद सुचूही नये. मात्र डबा देताना त्यात पाणी वाढवू नये, आणि परत घेताना रिकाम्या डब्याखेरीज काही मागू नये.